उंचीएवढा दोरा आणि दोनशे पानी वही: आपल्या आरोग्याचा हिशेब आपणच कसा लिहायचा

घरात सुताचा दोरा असेलच. सोलापुरात दुसऱ्या कशाचा तुटवडा असेल, दोऱ्याचा नाही. भिंतीला पाठ लावून उभे राहा, टाचेपासून डोक्यापर्यंत उंचीएवढा दोरा तोडा, त्याची बरोबर मधोमध घडी घाला आणि ती घडी बेंबीच्या रेषेत पोटाभोवती फिरवून बघा. पोट आत ओढायचं नाही. श्वास सोडून सैल उभं राहायचं. दोन टोकं एकमेकांना टेकली तर ठीक. मध्ये फट राहिली तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे.

माझी चार बोटं फट राहिली. वजन अडुसष्ट किलो, अख्खी गल्ली मला सडपातळ म्हणायची. हातपाय काटकुळे आणि पोट मडक्यासारखं, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण. वजनकाट्यावर ती दिसत नाही, दोऱ्यावर दिसते. म्हणूनच भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर धरतात, आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २३ च्या वर गेला की सावध व्हायला सांगतात.

मी एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो. वडील यंत्रमागावर, आईनं तीस वर्षं विड्या वळल्या. दोऱ्याच्या त्या प्रकारानंतर मी एक दोनशे पानी वही घेतली आणि घरातल्या चौघांच्या आरोग्याची खतावणी सुरू केली. आई म्हणाली, "काय लिहूलालास रे? आजाराचा काय हिशेब असतोय व्हय?" असतो. त्यातल्या बहुतेक नोंदी दवाखान्याच्या बाहेर होतात, म्हणून आपल्याला तो दिसत नाही. ही वही कशी भरायची, ते पानापानानं सांगतो. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं घ्यायचं हे या लेखात सापडणार नाही.

वही उघडण्याआधी

जागतिक आरोग्य संघटनेची घटना ७ एप्रिल १९४८ रोजी अमलात आली. तिच्यात आरोग्याची व्याख्या आहे: नुसता रोग किंवा अशक्तपणा नसणं म्हणजे आरोग्य नव्हे, तर शरीर, मन आणि सामाजिक जीवन या तिन्ही अंगांनी संपूर्ण स्वास्थ्य म्हणजे आरोग्य. "संपूर्ण" हा शब्द मला जरा जास्तच वाटतो. त्या मापानं सोलापूरच्या अख्ख्या पूर्व भागात एकही माणूस निरोगी निघायचा नाही. पण "सामाजिक" हा शब्द त्यात घातला, हे मोठं काम झालं.

पुढे १९७४ मध्ये कॅनडाचे आरोग्यमंत्री मार्क लालोंद यांनी एक अहवाल मांडला. आरोग्य चार गोष्टींवर ठरतं असं त्यात होतं: अंगातली जैविक घडण, भोवताल, राहणी-सवयी आणि आरोग्यसेवा. दवाखाना या चौघांपैकी फक्त एक. पाठ्यपुस्तकात यांना "आरोग्याचे निर्धारक" म्हणतात. माझ्या वहीत ती नुसती पानं आहेत.

पान पहिलं: अंगाचे आकडे

कंबर, उंची, वजन, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन. वर्षातून एकदा सगळे, आणि तारीख ठरलेली हवी. आम्ही सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आधीचा आठवडा धरला आहे. जानेवारीत हवा बरी असते, आणि यात्रेत काय खायचं ते त्यानंतर ज्याचं त्यानं ठरवावं.

सगळ्यात जास्त घोळ रक्तदाबात होतो. एका शिबिरात मी दोन जिने चढून, टपरीवरचा चहा पिऊन, रांगेत उभ्या उभ्या हात पुढे केला. वरचा आकडा आला १५८. तिथल्या माणसानं मान हलवली आणि कार्डावर लाल पेनानं गोल केला. रात्रभर झोप नाही. पुढचे सात दिवस घरी नीट मोजलं, सरासरी आली १२८. तेव्हा मोजायची रीत आधी शिकून घ्या.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, जिना, काहीही नाही. लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नको. दंड उघडा, हात टेबलावर छातीच्या उंचीला. बाहीवरून पट्टा बांधायचा नाही. मोजताना बोलायचं नाही. आमच्या शेजारच्या तेलुगू अक्कांना हे सगळ्यात अवघड गेलं. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. दवाखान्यात १४०/९० किंवा त्याहून जास्त म्हणजे उच्च रक्तदाब धरतात. घरच्या मोजणीला ही रेषा १३५/८५ आहे. सरासरी वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. एका आकड्यावर गोळी सुरू करू नका आणि एका चांगल्या आकड्यावर चालू गोळी बंदही करू नका. दुसरी चूक आपल्याकडे जास्त होते.

साखरेचं सोपं आहे. उपाशीपोटी १०० च्या आत चांगली, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबऱ्यावर, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून खात्री करायची. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ५.७ च्या आत असावी, ६.५ पासून मधुमेह. हिमोग्लोबिन बायकांचं १२, गरोदरपणी ११, पुरुषांचं १३, याच्या खाली गेलं की रक्त कमी. तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात फुकट होते. आशाताईंना विचारलं की वार सांगतात.

पान दुसरं: घराणं

हे दहा मिनिटांचं काम. आजी-आजोबा, आई-वडील, काका-मामा, आत्या-मावशी, भावंडं. प्रत्येकापुढे आजार आणि तो कितव्या वर्षी कळला ते. वय महत्त्वाचं आहे. सत्तरीत आलेला हृदयविकार आणि बेचाळीसाव्या वर्षी आलेला, यात फार फरक. जुन्या माणसांबाबत "छातीत कळ येऊन गेला" एवढंच कळेल, तेही लिहा.

पान तिसरं: घर, पाणी, ऊन

इथे वेळ द्या. सोलापूरकराच्या आरोग्याचा मोठा भाग नळाच्या वेळापत्रकात अडकलेला आहे. पाणी उजनीहून, शंभर किलोमीटरच्या पुढून येतं आणि नळाला रोज येत नाही. म्हणून आपण साठवतो: बॅरल, पिंप, हंडे, गच्चीवरची टाकी, मोरीतला हौद. डेंग्यूचा एडिस डास असल्याच स्वच्छ, साठलेल्या पाण्यावर अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणजे आठवड्यातून एकदा भांडं पूर्ण रिकामं झालं तर त्याची साखळी तुटते. कोरडा दिवस पाळा म्हणतात, तो यासाठी.

पण नुसतं रिकामं करून भागत नाही. या डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भांड्याच्या आतल्या अंगाला चिकटतात, काळ्या रव्यासारखी, आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पाणी भरलं की पुन्हा सुरू. त्यामुळे बॅरलची आतली बाजू काथ्यानं किंवा ताठ ब्रशनं घासायचीच. आम्ही नळ यायच्या आदल्या संध्याकाळी हे करतो, तेव्हा बॅरल तळाला गेलेलं असतं. उरलेलं पाणी झाडांना. मग तोंडाला जाडसर कापड ताणून दोरीनं बांधायचं. कापड झोळीसारखं लोंबून पाण्याला टेकता कामा नये. कारखान्यातला डागी टॉवेल यासाठी उत्तम. झाकता न येणारी भांडी वहीत वेगळी लिहा: फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलरची टाकी, गच्चीवरचं जुनं टायर, कुंडीखालची ताटली. आमच्याकडे अळ्या सापडल्या त्या कूलरमध्ये. तो आम्ही जूनमध्ये बंद केला होता आणि पाणी तसंच होतं.

प्यायच्या पाण्याचं: नळाचं पहिलं गढूळ पाणी प्यायला भरू नका, आणि पावसाळ्यात पाणी खळखळून उकळी येऊ द्या, नुसतं कोमट नको. काढायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. हंड्यात बुडणारा हात हेच अर्ध्या जुलाबांचं मूळ, असं माझं मत.

ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याच्या घरात रात्रीही भिंती तापलेल्या असतात. पत्र्याला बाहेरून पांढरा चुना मारणं हा स्वस्तातला उपाय. एका उन्हाळ्यात फरक कळतो. दिवसभरात लघवीचा रंग बघत चला. गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडतंय. जुलाब झाले तर लगेच, घरात ओआरएसची पुडी नसेल तर, एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा आणि सपाटच. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो. उन्हात माणूस बरळायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

घराचा आरोग्याशी काय संबंध असं ज्याला वाटतं त्यानं सोलापूरजवळच्या कुंभारीकडे एक चक्कर मारावी. तिथे विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली, २००६ मध्ये ताबा मिळाला. शेजारी रे नगर, तिथल्या तीस हजारांपैकी पहिली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांना दिली गेली. एका खोलीत जिथे चूल, बाळाची झोळी आणि तंबाखूचं सूप असतं, तिथे दुसरी खोली मिळाली की बाळाची झोळी सुपापासून लांब जाते. कुठल्याही गोळीनं हे होत नाही.

पान चौथं: काम

डॉक्टर हे विचारत नाहीत आणि आपण सांगत नाही. काय काम, किती वर्षं, किती तास, कोणती पाळी, हाताला-नाकाला-कानाला काय लागतं, ते लिहा.

विड्या वळणारी बाई आठ-आठ तास मांडी घालून, मान वाकवून बसते. मांडीवर तंबाखूचं सूप. तंबाखूतलं निकोटिन ओल्या हाताच्या कातडीतूनही अंगात जातं आणि बारीक भुकटी नाकातून. तिनं कधी तंबाखू खाल्ली नसली तरी हे होतं. करता येण्यासारखं थोडं आहे, पण आहे. सूप खिडकीजवळ, पाळण्यापासून लांब. नाकाला दुपट्टा. बाळाला पाजण्याआधी आणि भाकरी थापण्याआधी हात साबणानं, नखांसकट. काम झालं की वरचं लुगडं किंवा गाऊन बदला. जमीन झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. झाडलं की भुकटी पुन्हा हवेत उडते. दर दोनशे विड्यांनी उठून भिंतीला पाठ लावायची, हात वर ताणायचे, दारापर्यंत जाऊन यायचं. आईला हे पटवायला मला वर्ष लागलं. विडी नगावर असते, उठलं की मजुरी जाते. तिचं म्हणणं खोटं नाही, म्हणूनच "सवयी बदला" हा सल्ला मला अर्धवट वाटतो.

यंत्रमागावर दोन गोष्टी: धूळ आणि आवाज. सुताच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण मोठी चमत्कारिक आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळल्यासारखी होते, धाप लागते आणि आठवडा पुढे सरकतो तसं हलकं वाटतं. माणसाला वाटतं, सुट्टीत काहीतरी खाल्लं असेल. पुढे पुढे रोजच धाप लागते आणि मग ते नुकसान भरून येत नाही. नाका-तोंडावर नीट बसणारा मास्क, हवेच्या पाईपनं अंगावरचे कपडे न झाडणं, आणि त्या पाळीला छातीला काय होतं याची नोंद, एवढं तरी करा.

आवाजासाठी साधी खूण सांगतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज ८५ डेसिबलच्या वर आहे आणि तिथे रोज आठ तास म्हणजे कानाचं नुकसान. कापसाचा बोळा कामाचा नाही, फोमचे इअरप्लग घ्या. मागवाल्याच्या घरी टीव्ही मोठ्यानं का चालतो, हे एव्हाना कळलं असेल.

पान पाचवं: किराणा

आहारावर मला लांबण लावायची नाही. वाण्याची चिठ्ठी काढा. घरात काय खाल्लं जातं हे ती खरं सांगते, आपण सांगत नाही.

चौघांच्या घराचा महिन्याचा हिशेब असा. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे महिन्याला ६०० ग्रॅम, आणि त्यातच पापड, लोणचं, फरसाणातलं मीठ आलं. तेल माणशी साधारण अर्धा लिटर, म्हणजे दोन लिटर. साखर माणशी दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे तीन किलो. गूळ, बिस्किटं, थंड पेयं धरून. आमची चिठ्ठी निघाली: मीठ दीड किलो, तेल पाच लिटर, साखर पाच किलो. आई म्हणाली पाहुणे आले होते. मागच्या महिन्याची काढली, तेव्हाही पाहुणे आले होते.

मग शोध सुरू झाला की दीड किलो मीठ जातं कुठे. भाजीत फार नव्हतं. भाकरीच्या पिठात चिमूट, भाताला चिमूट, ताकात चिमूट, शेंगा चटणीत मूठ, आणि ताटात डाव्या बाजूला वर वेगळं. आम्ही भाकरी-भाताचं मीठ बंद केलं आणि मिठाची वाटी ताटाजवळून उचलून फडताळात ठेवली. दोन-तीन आठवडे कुरकुर झाली. आता बाहेरची आमटी आम्हाला खारट लागते.

शेंगा चटणी सोडा असं सोलापुरात कोण सांगणार, आणि सांगूही नये. शेंगदाण्यात वजनाच्या चौथा हिस्सा प्रथिनं असतात. जवळजवळ निम्मं तेलही असतं, म्हणून वरून पुन्हा तेलाची धार नको आणि चमचाभर घ्यायची, वाटीभर नाही. कडक भाकरी तर आपली जमेची बाजू. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि आपण घरात ती असताना पोरांना मैद्याचे टोस्ट देतो. ताटाचा निम्मा भाग भाजी-कोशिंबीर-फळं, पाव भाग भाकरी-भात, पाव भाग डाळ, उसळ, अंडं किंवा मटण. रक्त कमी असलेल्यांनी जेवणावर लगेच चहा घेऊ नये, जेवणातलं लोह अंगाला नीट लागत नाही. त्याऐवजी ताटात लिंबू पिळावं.

चहा वेगळा मोजा. दोन चमचे साखरेचा एक कप म्हणजे दहा ग्रॅम. कारखान्यात दिवसाला पाच कप होतात. पन्नास ग्रॅम तिथेच संपले.

पान सहावं: तोंड

बिडी, सिगारेट, मावा, गुटखा, मिसरी. मिसरी मुद्दाम लिहिली. दात घासायला म्हणून बायका दिवसातून तीनदा लावतात आणि "मी तंबाखू खात नाही" असं खरेपणानं सांगतात. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. बंदीचा माल कसा मिळतो ते सगळ्यांना माहीत आहे, पण बंदीनं एक झालं: दुकानासमोरची लडीची तोरणं गेली.

महिन्यातून एकदा, आंघोळीआधी, आरशासमोर, उजेडात हे करा. चूळ भरून ओठ उलटे करून आतून बघा, मग दोन्ही गाल बोटानं ताणून, मग हिरड्या, जीभ वर, जीभ बाहेर, दोन्ही कडा. पांढरा किंवा लाल चट्टा, न दुखणारी गाठ, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, तिखट लागताच होणारी आग, यातलं काही दिसलं तर लिहा आणि दाखवा. शेवटी आपलीच तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात घाला. तीन जात नाहीत, दोनच जातात, म्हणजे गाल आतून ताठ व्हायला लागले आहेत. सुपारी-माव्याचं हे काम, आणि कर्करोगाची पूर्वसूचना. आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी हा खेळ लावला. बावीस-तेवीस वर्षांच्या दोन पोरांची बोटं गेली नाहीत. हसणं थांबलं. त्यातला एक दुसऱ्या दिवशी सिव्हिलला गेला, दुसरा अजून जातो-जातो म्हणतोय. सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर आहे, तिथे माणूस बोलतो. तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ बडीशेप, पाण्याचे घोट आणि जागा बदलणं.

कर्करोगाचं निघालंच आहे तर आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी चालते. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावागावांतून नोंदी येतात. तिथल्याच नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या साथीनं शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या एक लाखाहून जास्त बायका त्यात होत्या. २००९ मध्ये निकाल आला: एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं (हा कर्करोग ज्या विषाणूनं होतो तो शोधणारी तपासणी) गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभरच्या डॉक्टरांनी आपल्या भागातल्या बायकांवरून शिकावं आणि आपल्या घरातल्या बायकांची तपासणी राहून जावी, हे मला बोचतं. वहीत आई, बहीण, बायको यांच्या नावापुढे या तपासणीची तारीख लिहायला जागा ठेवा.

पान सातवं: झोप आणि मन

मोठ्या माणसाला सात तास तरी झोप हवी. रात्रपाळीवाल्यानं दिवसा खिडकीला गोधडी लावावी आणि घरच्यांनी तेवढे तास मिक्सर बंद ठेवावा. मन दोन आठवडे सतत उदास, कशातच रस नाही, भूक-झोप बिघडलेली, असं असेल तर ते नाटक नसतं. १४४१६ हा टेलिमानस या मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेचा नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. कर्जाच्या हप्त्याचा विषयही याच पानावर लिहावा, असं माझं मत झालं आहे. आमच्या घरात वडिलांचा रक्तदाब हप्त्याच्या तारखेला वर जातो, सात महिन्यांच्या नोंदी आहेत.

चालण्याचंही इथेच उरकतो. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चाल. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये इतपत. सिद्धेश्वर तलावाच्या काठानं किंवा पार्क मैदानावर, उन्हाळ्यात आठच्या आत. आठवड्यातून दोनदा ताकदीचं काहीतरी: बैठका, भिंतीला हात टेकून जोर. दिवसभर मागावर उभं राहणं म्हणजे व्यायाम झाला, हा वडिलांचा दावा आहे. तो मी खोडत नाही, फक्त त्यांना तलावाला नेतो.

आता तीन रकाने

पानं भरली की घाबरायला होतं, इतक्या नोंदी लाल निघतात. एक नवं पान घ्या, तीन रकाने पाडा: माझ्या हातात, घराच्या हातात, गल्लीच्या आणि सरकारच्या हातात. प्रत्येक लाल नोंद एका रकान्यात टाका. चहातली साखर पहिल्यात. मीठ, बॅरल दुसऱ्यात. नळाचं वेळापत्रक, तुंबलेलं गटार, कारखान्यातली धूळ तिसऱ्यात.

नोव्हेंबर १९८६ मध्ये ओटावा इथे आरोग्य संवर्धनाची जी सनद झाली, तिच्यात नेमकं हेच आहे. आरोग्य वाढवायचं तर माणसाला कौशल्य द्या, पण सोबत धोरण बदला, भोवताल बदला, लोकांना एकत्र येऊ द्या आणि आरोग्यसेवेला आजाराच्या आधीच्या कामाकडे वळवा. आपल्याकडे पहिल्यावरच सगळा भार टाकतात. "काळजी घ्या" म्हणायला पैसे लागत नाहीत.

प्रत्येक रकान्यातून एकच नोंद उचला, महिनाभर तेवढीच. नवी गोष्ट जुन्या सवयीला बांधा: नळाच्या आदल्या संध्याकाळी बॅरल, दात घासल्यावर रक्तदाब. तिसऱ्या रकान्यासाठी एकट्यानं अर्ज करू नका. आम्ही गल्लीतल्या एकवीस घरांच्या सह्या घेतल्या, गटाराचे फोटो तारखेसह जोडले, झोन कार्यालयात दिला आणि पोच घेतली. पहिल्या अर्जाला उत्तर नाही, दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्यानंतर गटार उपसलं, गाळ आठवडाभर तिथेच काठावर पडून राहिला. तेही वहीत आहे.

शेवटच्या पानाला पिशवी

मागच्या पुठ्ठ्याला प्लॅस्टिकची पिशवी चिकटवा. त्यात शिधापत्रिका आणि आधारच्या झेरॉक्स, असेल तर ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, चालू गोळ्यांची चिठ्ठी, जुने रिपोर्ट तारखेवार. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण योजनेत असलेल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या उपचारांसाठीच. भरती होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठा, बिल झाल्यावर नाही.

दवाखान्यात जाताना आदल्या रात्री तीन ओळी लिहून न्या: काय होतंय, कधीपासून, कशानं वाढतं-कमी होतं. आमच्या वडिलांचा खोकला सगळ्यांनी विडीच्या खात्यात टाकला होता. दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणून थुंकीची तपासणी झाली, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते, क्षय नव्हता. एका ठिकाणी त्यांना चार वेळा तेच खोकल्याचं औषध मिळालं. मग मी चौथ्या पानावर त्यांच्या खोकल्याला दोन रंग दिले, सुट्टीनंतरची पाळी लाल, बाकी दिवस निळे. सहा आठवड्यांत लाल खुणांपुढेच "छाती आवळली" असं लिहिलेलं दिसायला लागलं.

नव्या डॉक्टरीण बाईंनी ते पान दोनदा बघितलं. वही बाजूला ठेवली आणि वडिलांना विचारलं, "काका, काम काय करता?" मग नळीत फुंकायची फुप्फुसाची तपासणी लिहून दिली, एक सुट्टीआधीची आणि एक सुट्टीनंतरच्या पाळीची. बाहेर आल्यावर वडील म्हणाले, "छत्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी इचारलं की हो." दुसऱ्या तपासणीची तारीख पुढच्या आठवड्यातली आहे, लाल पेनानं लिहून ठेवली आहे.